घरांतल्या सर्वांनीं मिळून पाहावे असे जुने बोलपट

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं चार पिढ्यांची मंडळी जमली होती. रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर काय पाहावें याविषयीं नेहमींप्रमाणें वाद निघाला. तरुण मंडळींच्या हातांत ज्याचा त्याचा पडदा. प्रत्येकाची आवड निराळी आणि बसण्याचा कोपराहि निराळा. शेवटीं माझी पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही नेहमीं जुन्या बोलपटांची थोरवी सांगतां. मग एकदां यादीच करून द्या ना. पाहायलाच हवेत असे दहा सांगा. दर रविवारीं एक पाहून टाकूं."

'पाहून टाकूं' हे शब्द मला किंचित् खटकले. परंतु मागणी रास्त होती, म्हणून कागद घेऊन बसलों. थोड्याच वेळांत ध्यानांत आलें कीं, दहांचा आंकडा धरून हें काम होण्यासारखें नाहीं. कांहीं चित्रपटांविषयीं दोन ओळी पुरतात, कांहींविषयीं रात्र पुरत नाहीं. आणि जे अवश्य पाहावे असें वाटतें त्यांतले कित्येक तर आज जगांत कोठेंच शिल्लक नाहींत. तेव्हां मराठी चित्रपटांच्या पहिल्या चाळीस वर्षांपुरतीच मर्यादा घालून, आणि 'घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून पाहण्यासारखे' एवढीच कसोटी लावून जें सुचलें तें येथें लिहीत आहें.

प्रारंभ कोठून करावा? कालक्रमाचा अभिमान असलेला गृहस्थ दादासाहेब फाळक्यांचें नांव घेईल. माझें मत तसें नाहीं. मूकपटाची चाल ओळखीची नसलेल्या डोळ्यांना तो पहिल्याच बैठकीला दिला, तर मुलें पांच मिनिटांत उठून जातील आणि दुसऱ्या रविवारीं येणारच नाहींत. प्रारंभ 'संत तुकाराम'नें करावा.

१२ डिसेंबर १९३६ रोजीं तो मुंबईच्या सेंट्रल सिनेमांत लागला आणि त्या एका चित्रगृहांत सत्तावन्न आठवडे चालला. पुढच्या वर्षीं व्हेनिसच्या चित्रपट-प्रदर्शनांत त्याचा गौरव झाला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे दोघे दिग्दर्शक कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या हाताखालीं तयार झालेले. दामल्यांना ध्वनीच्या यंत्राची नाडी ठाऊक, फत्तेलाल हाडाचे चित्रकार. त्यांनीं तुकोबांच्या भूमिकेसाठीं विष्णुपंत पागनीस यांना निवडलें. पागनीस पूर्वीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असत. तोच मऊपणा, तोच हलका आवाज येथें असा कांहीं कामीं आला आहे कीं, हा मनुष्य अभिनय करीत आहे असें वाटतच नाहीं. चित्रपटांतला एक अभंग शांताराम आठवले यांनीं रचलेला आहे. पण तो तुकोबांचाच समजून पुष्कळांची फसगत झाली, हें त्या रचनेला मिळालेलें सर्वांत मोठें प्रशस्तिपत्र म्हणावें लागेल.

परंतु मला विचाराल तर हा चित्रपट तुकोबांचा जितका आहे तितकाच आवलीचा आहे. ही भूमिका करणारी गौरी ही कांहीं नांवाजलेली नटी नव्हती. प्रभात कंपनींत किरकोळ कामें करीत ती पुढें आली. तिची आवली शेण काढते, म्हशीवर जीव लावते, नवऱ्यावर तोंड टाकते आणि पोरांच्या पोटाची काळजी वाहते. मूल दुखण्यानें पडतें तेव्हां ती पायांतलें पायताण हातांत घेऊन थेट विठोबाला जाब विचारावयास देवळांत शिरते. आमच्या आजीच्या पिढीच्या बायका पागनीस पडद्यावर आले कीं हात जोडीत, आणि आवली भांडूं लागली कीं पदरानें डोळे पुसीत. माझ्या पुतणीनें आतां विचारलें, "संसार नको होता तर यांनीं लग्न कां केलें?" मी म्हटलें, अगदीं हाच प्रश्न आवली दोन तास विचारीत आहे, तूं नवें कांहीं बोललेली नाहींस. चित्रपटाची मोठी गोष्ट ही कीं, या प्रश्नाचें उत्तर त्यानें दडपून दिलेलें नाहीं. शेवटीं तुकोबा विमानांत बसून जातात, आणि आवली मागें राहते, कारण पोरांना जेवूं घालायचें आहे.

आपल्यासारख्या घरांनीं हा चित्रपट पाहतांना आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करूं नये. तुकोबांचे अभंग स्वतःच्या नांवावर खपविणारा सालोमालो हा देवळांतला ब्राह्मण आहे. अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडविण्याची आज्ञा देणारे रामेश्वरभट्टहि वेदसंपन्न ब्राह्मणच. त्या काळीं कांहीं घरांतून यावर कुरकूर झाली असेलहि. पण सहकुटुंब तिकिटें काढून लोक गेले. रामेश्वरभट्टांनीं पुढें आपली चूक ओळखून तुकोबांच्या पायांवर डोकें ठेवलें. एवढ्या मोठ्या पंडितानें तें केलें, यांतला गोडवा मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे.

दुसरा रविवार 'कुंकू'ला द्यावा. याविषयीं मला थोडें सविस्तर लिहिलेंच पाहिजे.

१९३७ सालचा हा बोलपट व्ही. शांताराम यांनीं दिग्दर्शित केला. कथा नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली. मामानें फसवून नीरा नांवाच्या मुलीचें लग्न काकासाहेब या वृद्ध वकिलाशीं लावून दिलें आहे. देवलांच्या 'शारदे'पासून जरठ-कुमारी विवाहाचा विषय मराठी घरांना परिचित होता. पण शारदा नदीकडे धांवते आणि कोणी तरी येऊन तिला वांचवितो. नीरा नदीकडे जात नाहीं. ती त्याच घरांत राहते, त्याच माजघरांत वावरते, आणि या माणसाला मी नवरा मानणार नाहीं असें त्याच्या तोंडावर सांगते. तिच्याच वयाचा सावत्र मुलगा लगट करूं लागतो तेव्हां ती त्याला छडीनें झोडपते. शांता आपटे यांनीं ही भूमिका अशा तडफेनें केली आहे कीं, आजच्या मुलींनाहि ती आपल्याच वयाची वाटेल. काकासाहेबांची विधवा मुलगी सुशीला ही भूमिका शकुंतला परांजपे यांनीं केली. त्या रँग्लर परांजप्यांच्या कन्या; पुढें संततिनियमनाच्या प्रचारासाठीं त्यांनीं केलेलें काम सर्वश्रुत आहे.

काकासाहेब म्हणजे केशवराव दाते. वरवर पाहतां हा खलपुरुष व्हावयाचा. पण दात्यांनीं त्याला खलपुरुष होऊं दिलें नाहीं. आरशासमोर उभे राहून केसांना कलप लावणारा, घड्याळाच्या ठोक्यानें दचकणारा, आपण काय करून बसलों हें हळूहळू उमगत जाणारा एक सुशिक्षित, सभ्य गृहस्थ ते आपल्यासमोर उभा करतात. चित्रपटांत पार्श्वसंगीत असें जवळजवळ नाहींच. घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरचा गलका, ग्रामोफोन, म्हणजे प्रत्यक्ष त्या घरांत जे आवाज असतील तेवढेच ऐकूं येतात. एकोणीसशें सदतीस सालीं हें धाडस करणें सोपें नव्हतें.

आतां आमच्या घरची एक हकीकत सांगतों. माझ्या आजीची धाकटी बहीण, जिला आम्ही सर्व माईआजी म्हणत असूं, तिचें लग्न पंधराव्या वर्षीं चाळिशी उलटलेल्या बिजवराशीं झालें आणि पांच वर्षांत तें संपलें. त्यानंतरचें सारें आयुष्य तिनें बहिणीच्या घरीं, म्हणजे आमच्या घरीं, काढलें. 'संत तुकाराम' आला तेव्हां घरांतल्या साऱ्या बायका टांग्यांत बसून पाहून आल्या. माईआजीहि गेली होती. पुढच्या वर्षीं 'कुंकू' आला तेव्हां मात्र आजोबांनीं "बायकांनीं पाहण्यासारखा नाहीं" असें सांगून विषय मिटविला. ते स्वतः मात्र पाहून आले होते. ही गोष्ट आम्हांला फार पुढें, दूरदर्शनचा संच घरीं आल्यानंतर समजली. शनिवारीं सायंकाळीं मराठी चित्रपट दाखवीत; एका शनिवारीं 'कुंकू' लागला. माईआजी दाराजवळ, पाठ भिंतीला टेंकून, शेवटपर्यंत बसली. ती पासष्टीच्या घरांत होती. कोणीं कांहीं बोललें नाहीं. पानें वाढतांना ती माझ्या आईला एवढेंच म्हणाली, "त्या मुलीला बोलतां आलें."

म्हणूनच 'कुंकू'च्या शेवटाविषयीं माझें मन अजून साशंक आहे. काकासाहेब पश्चात्तापानें आत्मघात करतात आणि नीरेला पुन्हां लग्न करण्यास सांगून जातात. कथेची अडचण यानें सुटते, परंतु तशा घरांतून राहिलेल्या शेंकडों मुलींची सुटली नाहीं; त्यांचे काकासाहेब पत्रें लिहून ठेवून गेले नाहींत. शांतारामबापूंनीं येथें थोडी सोपी वाट धरली असें म्हटल्यास त्यांच्या कीर्तीला कमीपणा येऊं नये.

'कुंकू'नंतर लागलीच 'माणूस' पाहावा, १९३९ सालचा. गणपत नांवाचा पोलीस शिपाई आणि मैना नांवाची वेश्या यांची ही गोष्ट. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांच्या भूमिका. लहान मुलांना हा दाखवूं नये असें कोणी म्हणेल. बारा वर्षांपुढच्यांना खुशाल दाखवावा. गणपत मैनेला आपल्या आईच्या घरीं घेऊन जातो, आणि त्या सोवळ्या, प्रेमळ घराच्या उंबरठ्यावर तिचा धीर सुटतो. तो प्रसंग पाहतांना प्रेक्षक कोणाच्या बाजूनें श्वास रोखून धरतो, हें ज्यानें त्यानें स्वतःशीं पाहावें. हेच शाहू मोडक दुसऱ्या वर्षीं 'संत ज्ञानेश्वर' चित्रपटांत ज्ञानेश्वर झाले. ते जन्मानें ख्रिस्ती. महाराष्ट्रानें त्यांच्या पायां पडतांना ती चौकशी केली नाहीं.

'शेजारी' हा १९४१ सालचा. प्रभातसाठीं शांतारामांनीं केलेला शेवटचा. एका खेड्यांतले जिवा पाटील आणि मिर्झा हे जन्माचे शेजारी. धरण बांधण्यासाठीं आलेला धनिक त्यांच्यांत वितुष्ट घालतो, आणि शेवटीं फुटणाऱ्या धरणावर दोघे एकमेकांचा हात धरून प्राण सोडतात. दाते आणि गजानन जागीरदार यांचा बुद्धिबळाचा डाव मुलांना फार आवडतो. याची हिंदी आवृत्ति 'पडोसी'. तींत हिंदूची भूमिका मझहर खान या मुसलमान नटानें आणि मुसलमानाची जागीरदारांनीं केली. चित्रपट लागल्यानंतर सहाच वर्षांनीं देशाची फाळणी झाली, हें ध्यानांत ठेवून पाहिला म्हणजे शेवटचा प्रसंग भाबडा वाटेनासा होतो.

एवढें गंभीर झाल्यावर मंडळींना हांसवणेंहि अवश्य आहे. त्यासाठीं आचार्य अत्रे यांनीं लिहिलेला आणि मास्टर विनायक यांनीं दिग्दर्शित केलेला 'ब्रह्मचारी' (१९३८) घ्यावा. ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केलेल्या औदुंबराची ही थट्टा त्या काळीं कांहींना झोंबली. त्याहून अधिक झोंबला मीनाक्षी शिरोडकर यांचा पोहण्याचा पोषाख. आज तो पाहून आमच्या नातवंडांनीं "यांत काय आहे?" असें विचारलें. थट्टा मात्र अजून ताजी आहे.

'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) ज्यांना लावणीची गोडी आहे त्यांनीं पाहावा. सोलापूरचा, वेदशास्त्राच्या घरांतला ब्राह्मण तरुण तमाशाच्या फडांत जातो आणि घर त्याला बाहेर काढतें. जयराम शिलेदारांचें गाणें, हंसा वाडकरांचें काम आणि ग. दि. माडगूळकरांची लेखणी. याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.

आणि 'श्यामची आई'. साने गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं हें पुस्तक लिहिलें. अत्र्यांनीं वीस वर्षांनीं त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक त्याला मिळालें. वनमालाबाईंची आई आणि लहानग्या माधव वझ्यांचा श्याम पाहून रडला नाहीं असा मनुष्य आमच्या पाहण्यांत नाहीं. पण हल्लींच्या मुलांना हा एकट्यानें पाहावयास देऊं नये. कोकणांतली गरिबी, सावकाराचें कर्ज, सोवळें-ओवळें हीं त्यांना परकीं आहेत. शेजारीं आजी बसलेली असली म्हणजे ती मधून मधून दोन शब्द सांगते, आणि चित्रपट जवळ येतो.

आतां फाळक्यांकडे वळावयास हरकत नाहीं. मुलांसाठीं आधीं 'कालियामर्दन' (१९१९) लावावा. यांत कृष्णाची भूमिका फाळक्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी हिनें केली आहे. आरंभींच ती नुसत्या चेहऱ्यानें राग, भय, आनंद करून दाखविते आणि मुलें तेथेंच वश होतात. पुढें यमुनेच्या पाण्यांतली कालियाशीं झुंज. चित्रपट मुका असल्यामुळें घरांतल्या कोणी तरी वडील माणसानें गोष्ट सांगत बसावें. पूर्वीं चित्रगृहांतूनहि मूकपटाची गोष्ट सांगणारा मनुष्य उभा असे.

मग 'राजा हरिश्चंद्र'. ३ मे १९१३ रोजीं तो मुंबईस गिरगांवांतल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लागला. चित्रपटाच्या फितीला भोंकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचें काम शिकून घेणाऱ्या आणि वर सगळ्या कंपनीचा स्वयंपाक करणाऱ्या सरस्वतीबाई फाळके यांचें नांव मुलींना जरूर सांगावें. पडद्यावर मात्र एकहि बाई नाहीं. कुलीन स्त्री मिळणें तर दूरच, हलकी समजली जाणारी बाईहि तयार होईना. तेव्हां उपाहारगृहांत आचाऱ्याचें काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षीं 'मोहिनी भस्मासुर'साठीं दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पुढें आल्या. तरीहि लाडांची लेक, खोट्यांची सून, कॉलेजांत शिकलेली दुर्गाबाई खोटे 'अयोध्येचा राजा' या बोलपटांत तारामती म्हणून उभी राहीपर्यंत १९३२ साल उजाडलें. तीच राणी, तीच कथा. मध्यें एकोणीस वर्षें गेलीं. हे दोन चित्रपट पाठोपाठ पाहिले तर आपल्या घरांतल्या ओसरीपासून माजघरापर्यंतचा इतिहास डोळ्यांपुढून जातो.

मात्र 'राजा हरिश्चंद्र' पुरा पाहावयास मिळणार नाहीं. मूळ चार रिळांपैकीं पहिलें आणि शेवटचें एवढींच उरलीं आहेत. आणि तींहि १९१३ सालचीं कीं फाळक्यांनीं पुन्हां काढलेल्या आवृत्तींतलीं, यावर जाणकारांत मतभेद आहे. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें. तेथल्या पी. के. नायर यांनीं नाशिकास फाळक्यांच्या घरीं जाऊन जें हातीं लागलें तें जपलें, म्हणून एवढें तरी आहे. केरळांतला हा गृहस्थ आपल्या घरांतला ठेवा गोळा करीत हिंडला. तो नसता तर 'कालियामर्दन'हि आपल्याला नुसता नांवानेंच ठाऊक असता.

कारण बाकीच्यांचें काय झालें तें ऐकण्यासारखें आहे. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५), ज्यांत तरुण शांतारामांनीं जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची भूमिका केली, तो नाहीं. हिंदुस्थानचा पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) नाहीं. मूकपटांच्या काळांत या देशांत हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. जुनी फीत नायट्रेटची असे. तिच्यावर चांदीचा थर असल्यामुळें चित्रपटाचे दिवस भरले कीं ती चांदी काढण्यासाठीं फिती विकून टाकीत, आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्याहि होत. जी अशी गेली नाहीं तिला आगीचें भय. नायट्रेट एकदां पेटलें कीं स्वतःच प्राणवायु सोडतें, त्यामुळें पाण्याखालीं घातलें तरी विझत नाहीं. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांत, पूर्वींच्या प्रभात स्टुडिओच्याच आवारांतल्या कोठारास आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांच्या कित्येक मूळ फिती तींत जळून गेल्या. आज आपण पाहतों त्या त्यांच्या पुढें काढलेल्या प्रती.

दोन व्यवहाराच्या सूचना. प्रभातचे बरेच बोलपट मराठी आणि हिंदी असे दोन्ही भाषांत, त्याच देखाव्यांत निघाले. आपण मराठीच पाहावे. 'कुंकू'ऐवजीं 'दुनिया न माने' पुढें आला तर चूक झाली असें समजावें. इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रती पुष्कळदां अंधुक आणि कापलेल्या असतात. निघालेली तबकडी मिळाली तर ती बरी. आवाज प्रथम खरखरतो. दहा मिनिटांत कान बसतो. तुकड्यांतुकड्यांनीं पाहूं नये, आणि गाणें आलें कीं तें पुढें ढकलूं नये.

आमच्याकडे 'संत तुकाराम' झाला. तुतारी फुंकणारी प्रभातची बाई पडद्यावर आली तेव्हां दोन नातवंडें हांसलीं, एक आजोबा सरसावून बसले. मध्यंतरानंतर दोघे तरुण उठून गेले ते परत आले नाहींत; बाकीचे बसले. येत्या रविवारीं 'कुंकू' आहे. पुतणीनें माईआजीचें नांव काय होतें, असें मला विचारलें. तेव्हां आठवलें कीं, घरांत तें कोणीच कधीं घेत नसे. तिच्या पोथीच्या पहिल्या पानावर तें लिहिलेलें असेल, म्हणून फडताळांतली पोथी शोधावयास घेतली आहे.